टाचण

रविवारी रात्री शेगडीत ओलं लाकूड धुमसत असतं
आणि मी आठवड्याचं टाचण काढायला बसते.
एक खोली, चार इयत्ता, अकरा मुलं.
मंगळवारी माहितीलेखन, गुरुवारी कल्पनालेखन.
पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारते,
सांतियागोच्या कॉलेजात शिकवली होती तशी:
डावीकडे घडलेलं,
उजवीकडे सुचलेलं.

उद्दिष्ट: मुले पाहिलेली गोष्ट क्रमाने सांगतील.
फळ्यावर चार शब्द – आधी, मग, त्यानंतर, शेवटी.
साहित्य: बटाटे.
(या बेटावर पुस्तकांहून बटाट्यांच्या जाती जास्त.)
पहिलीच्या तिघींना चित्र आणि एक वाक्य.
ब्रौलिओने काहीही लिहावं,
फक्त पेन्सिल खाऊ नये.

गेल्या मंगळवारी चौथीतल्या ओरिआना चिग्वायने लिहिलं:
आधी घराच्या खिडक्या काढल्या.
मग घराला दोर बांधले. बैलांच्या सहा जोड्या होत्या.
त्यानंतर घर उतारावरून समुद्रात गेलं.
ते बुडालं नाही. बोटीमागून गेलं.
शेवटी सगळ्यांनी शिंपले आणि बटाटे खाल्ले.

चारही शब्द जागच्या जागी.
मी लाल शाईने शेरा दिला:
छान, पण हे गुरुवारसाठी ठेव.
तिने वाद घातला नाही.
माझ्या शेऱ्याशेजारी एक बैल काढला,
जीभ बाहेर आलेला.

शनिवारी दूध घेऊन दोन्या एल्विरा आली,
तिला मी हे हसत हसत सांगितलं.
ती हसली नाही. किटली खाली ठेवून
खाडीपलीकडच्या पिवळ्या घराकडे बोट केलं.
फेब्रुवारीत ओढलं, म्हणाली,
आमचे हे तिसऱ्या जोडीला होते.
पोरीच्या आईने माहेरच्या जमिनीवर नेलं घर,
इकडे आता तिचं कोण होतं?
आणि बाई, तुमची ही शाळा,
ती पण आधी त्या टेकाडावर होती.

मी पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं.
तीन महिने मी ज्यांच्यावर उभी राहून
घर स्थिर असतं, असं शिकवत होते.

मग तिची गुरुवारची वही काढली.
विषय होता: एक अद्भुत दिवस.
बाकीच्यांनी भुतांची जहाजं आणली होती,
ब्रौलिओने सात डोक्यांचा खेकडा.
ओरिआनाने लिहिलं होतं:
बाबा साडेसहाला घरी आले.
बूट दाराशी काढले.
माझ्या वहीवर सही केली.
आम्ही पाव खाल्ला. नऊला दिवा मालवला.

खाली माझंच अक्षर, टपोरं, वळणदार:
कल्पनाशक्ती कमी पडते.

आता रात्रीचे साडेदहा.
मे महिन्यात तपासनीस येतील, रेघ कुठे म्हणून विचारतील.
टाचण म्हणतात खरं याला,
पण टाचलेले टाके कच्चेच की,
माझी आई शिवण पक्की झाली की दोरा ओढून काढायची.
मी रबर घेऊन बसते.
रेघ पुरती जात नाही,
कागद तेवढा पातळ होतो.

मंगळवारचं पान पुन्हा लिहिते.
बटाटे राहू देते, आणलेत तर उकडून खाऊ.
शेरा खोडायचा नाही,
त्याखाली माझी चूक लिहायची, सहीसकट, मुलांसमोर.
मग ओरिआनाशेजारी त्या बुटक्या बाकावर बसायचं
आणि जे पहिल्यांदाच विचारायला हवं होतं
ते विचारायचं:
घर पाण्यात होतं
तेव्हा मांजर कुठे होती?
भिंतीवर काय टांगलेलं राहिलं?
आणि आत,
आत कोणी होतं का?